ओल्या लेपावर रंग नको

झेली बाळा,

तुझ्या आजोबांच्या होडीची शप्पथ, खालचा शब्द न् शब्द खरा आहे. हसायचं नाही!

मी चर्चच्या जेवणासाठी बीन्स घेऊन चाललेय. तुझ्या वाटचे ओव्हनमध्ये आहेत. होडीला आज रंग लावू नकोस. तिच्या फासळ्यांवर ताणलेल्या कॅनव्हासवरचा लेप अजून ओला आहे, काल नख दाबलं तर रुतलं.

आजोबांनी एकदा अशीच घाई केली. ओल्या लेपावरच हिरवा रंग फासला आणि निघाले मासे धरायला. तळ्याच्या मधोमध सगळा कॅनव्हास सापाच्या कातीसारखा सुटून गेला. बिचारे नुसत्या लाकडी फासळ्यांवर बसून घरी आले, फटींतून मासे आत डोकावत होते. ती हिरवी कात एका अस्वलीणबाईंनी कोट म्हणून घातली आणि हिवाळाभर त्यातच झोपल्या. बर्फ वितळल्यावर मला वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "कोट झकास आहे हो, पण खांद्यात जरा ढिला होतो."

होडी झाली की तू बोस्टनला नोकरीवर जाणार, ठाऊक आहे मला. पण आठवडाभर थांब. ब्रश शोधू नकोस, माझ्या पर्समध्ये आहे.

– आजी

ता. क. फाटकापर्यंत जाऊन परत आले. एक गोष्ट मी रचून सांगितली. अस्वलीण नव्हे गं, ती खरीच होती. लेप गेल्या रविवारीच खडखडीत वाळलाय. ब्रश इथंच ठेवलाय, लाव रंग. रंगाचा दुसरा हात मात्र दोघी मिळून देऊ. पहिला वाळायला फार वेळ लागतो, हे अगदी खरं.