व्हॅनिला, चॉकलेट आणि बाबांचा जबडा

किटवे, १४ ऑगस्ट

प्रिय म्वापेदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, आणि मी अजून न पाहिलेल्या भाचीला एक पापा. इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे आता बरे आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सियामेच्या हाती देतेय. तो माझा माल आणणारा ट्रकवाला.

माल म्हणजे काय, तर तुमच्या जोहान्सबर्गचं प्रोटीनचं पेय. छोटी खोकी, बाजूला नळी, वर दंड फुगवलेला पैलवान. वर्षभर मी हाच धंदा करतेय. पहिल्याच खेपेला मी फॉर्मवर ‘पेय’ लिहायचं सोडून ‘दूध’ लिहिलं. झालं! सीमेवर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला मागितला. ट्रक नऊ दिवस चिरुंडूच्या नाक्यावर उभा. सियामे नदीचे मासे खाऊन गुटगुटीत होऊन आला. म्हणाला, “ताई, अशी चूक अधूनमधून करत जा.”

पण विकलं जाईना रे. जिमवाल्या पोरांना डब्यातली पावडरच हवी. बाजारात माझ्या शेजारी चांदाची आई घरी आंबवलेलं मुन्कोयो पेय विकते, तिच्यापुढे ही रांग! मला चिडवायची, “काय गं कासुबा, एवढ्याशा खोक्यात एवढा आडदांड माणूस कोंबलास कसा?” एका आजीने खोकं उलटसुलट बघून परत ठेवलं. “हे पिऊन मला असले दंड फुटले तर म्हातारा घर सोडून पळेल.” चॉकलेट थोडंफार जायचं. व्हॅनिला मात्र तारीख संपायची वाट बघत बसलेलं.

मग मे महिन्यात बाबा पडले. फुटबॉलची मॅच नीट दिसेना म्हणून या वयात अँटेना फिरवायला छपरावर चढले. जबडा मोडला. डॉक्टरांनी दात तारांनी घट्ट बांधले, सहा आठवडे तोंड बंद. पेज दिली की मान फिरवायचे. गालफडं बसली, पँट कमरेवर राहीना. एक दिवस मी वैतागून चॉकलेटच्या खोक्याला नळी लावून हातात दिली. एका दमात संपवलं आणि दुसऱ्याकडे बोट!

महिन्याभरात चेहरा भरला. तपासणीला नेलं तेव्हा नर्सने विचारलं, हे काय देता? तेव्हापासून पेशंटचे नातेवाईक माझ्याकडे येतात. दात नसलेले आजोबा, बाळंतिणी, सगळे. चांदाची आईच आता ओरडते, “या, या! जबडा मोडलेला म्हातारा तरतरीत झाला, तुम्ही तर धडधाकट आहात!” व्हॅनिला आज्या पेजेत घालतात. पुढच्या खेपेला दुप्पट माल मागवलाय.

बघ, अजून धंद्याचंच लिहितेय.

दादा, मालासाठी मी दोनदा तुमच्या शहरात आले होते. दुसऱ्या वेळी पत्ता काढून तुझ्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिले. तू गाडीखाली होतास, नुसते पाय दिसत होते. पायांवरूनच ओळखलं मी. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तशीच परत फिरले. काय सांगणार होते?

बाबांची मोटारसायकल मी न विचारता नेली, मीच रस्त्याकडेच्या मोरीवर आदळून मोडली. तू म्हणालास, “गप्प बस, ओरडतील आणि विसरतील.” अंगावर घेतलंस. ते विसरले नाहीत. खाणीत आयुष्य घालवून घेतलेली गाडी होती ती. त्यांनी तुझी बॅग अंगणात फेकली, तू चालता झालास, आणि मी दाराआड उभी. एक शब्द बोलले असते तर!

तो शब्द मी जूनमध्ये बोलले. कबूल करते, त्यांना ओरडता येत नव्हतं म्हणूनच माझी हिंमत झाली. सगळं ऐकलं, आणि हातातलं खोकं मला फेकून मारलं. केसांतून व्हॅनिला ओघळत होतं. मग पाटी ओढली. तोंड बंद असल्यापासून पाटीवरच बोलायचे. लिहिलं, ‘म्वापे मूर्ख आहे.’ मग ते पुसलं, आणि लिहिलं, ‘मी जास्त.’

तारा काढल्या त्या दिवशी मला तासभर शिव्या घातल्या. अख्खी गल्ली जमली. दमले, पाणी प्यायले, आणि हळूच विचारलं, “त्याची पोर कोणावर गेलीय गं?”

दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करून आले.

दादा, बाबा सियामेच्या शेजारी ट्रकमध्ये बसलेत. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर भाचीसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. तू हे वाचत असशील तेव्हा ते तुझ्या गॅरेजबाहेर असतील. मला बजावून सांगितलंय, “मी आपणहून आत जाणार नाही. त्याने बोलावलं तरच उतरेन.” त्यांना अजून कडक चाववत नाही, मक्याचा न्शिमा मऊ कर म्हणावं वहिनीला.

रागवायचं ते माझ्यावर रागाव, तो राग माझ्याच वाट्याचा आहे. त्यांना उन्हात बसवून ठेवू नकोस.

सहा वर्षं दाराआड उभी असलेली,
तुझी कासुबा