मामाची नाडी

११ जून

सुटले एकदाची! कॉलेज सोडल्याचा दाखला हातात पडला. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "इथला एसी सोडून सरकारी विद्यापीठात? तिथे भिंतींचे पोपडे पेशंटच्या अंगावर पडतात." पडू देत. निदान पेशंट तरी आहेत!

इथे काय आहे? काचेची इमारत, लिफ्ट, कडक इस्त्रीचे गणवेश — आणि नर्सिंग कॉलेज असून हॉस्पिटलच नाही. दोन वर्षं आम्ही साठ जणी एका प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर शिकलो. त्याला आम्ही मामा म्हणायचो. सुया टोचून टोचून मामाच्या दंडाची चाळण झालीय. मामा कधी ओरडला नाही आणि कधी मेलाही नाही.

चिमणी येतेय माझ्याबरोबर. साठातल्या आम्ही दोघीच शहाण्या, किंवा दोघीच वेड्या.

१४ जून

बाबांचा अबोला. गल्लीभर सांगून ठेवलं होतं त्यांनी — "आमची पोरगी काचेच्या कॉलेजात आहे." आता कुठल्या तोंडाने सांगणार! आई मध्ये पडली तर तिलाही बोलले, "तूच डोक्यावर बसवून ठेवलीस." मी म्हटलं, बाबा, आमच्या पुढची एक ताई पहिल्या वर्गात पास झाली आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी रक्त बघून आडवी झाली. तसली नर्स व्हायचं का मी? बाबा पेपर वाचत राहिले. पेपर कालचा होता.

१ जुलै

विद्यापीठाचं वसतिगृह. मी आणि चिमणी एकाच खोलीत. खिडकीला कडी नाही, नळाला पाणी फक्त सकाळी. चिमणी म्हणाली, "अगं, इथे सगळंच खरं आहे — ढेकूणसुद्धा!" हसून हसून पोट दुखलं.

पण प्रवेश तात्पुरता आहे. महिनाभर वॉर्डात काम करायचं. मोठ्या सिस्टर "चालेल" म्हणाल्या तर नाव कायम, थेट तिसरं वर्ष. नाही म्हणाल्या तर घरी. जुन्या कॉलेजने नावं केव्हाच खोडलीत. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं घेऊन बाबांसमोर उभं राहायचं. मेले तरी नाही!

४ जुलै

बायकांचा वॉर्ड. खाटा इतक्या चिकटून की मधून आडवं होऊन जावं लागतं. आज एका बाईचा दंड धरला, पुसला, सुई घातली. बाई अशी किंचाळली की सगळा वॉर्ड उठून बसला! मोठ्या सिस्टर आल्या. "तोंड आहे ना तुला? आधी सांगायचं तिला." शरमेने मान वर होईना. मामाला कधी काही सांगावंच लागलं नव्हतं.

९ जुलै

हात बसतोय. आज मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांचं "हं" म्हणजे इतरांची शाबासकी!

चिमणीचं मात्र कठीण आहे. कोणी कण्हलं की हिच्या डोळ्यांत पाणी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "नळ बंद कर. इथे आधीच ओल खूप आहे." बायका हसल्या. चिमणीही हसली, मग बाथरूममध्ये जाऊन रडली.

अकरा नंबरला एक आजी आल्यात, पोटदुखीच्या. मला उंट म्हणतात. "उंट आणि चिमणी! दवाखाना आहे का सर्कस गं?" त्यांची लेक बाहेरच्या बाकावर बसून असते. आजी दिवसभर तिच्यावर करवादतात आणि ती जरा दिसेनाशी झाली की मला शोधायला पाठवतात.

१५ जुलै

एक ओळ. चिमणी म्हणाली, "आपण आता खऱ्या नर्स होणार." मी म्हटलं, होणारच.

१८ जुलै

काल संध्याकाळी सगळ्या वॉर्डची नाडी मोजायची होती. मी आणि चिमणी. अर्ध्या खाटा तिच्या, अर्ध्या माझ्या. सही सगळ्या आकड्यांपुढे चिमणीची — जुन्या कॉलेजातली सवय. तिथे जोडीतली एक काम करायची, दुसरी सही.

आणखी एक सवय तिथलीच. मामाला काळीज नव्हतं, मग नाडी कुठून येणार? सगळ्याजणी बहात्तर लिहायचो. सर विचारायचे, "किती?" आम्ही म्हणायचो, "बहात्तर." सर म्हणायचे, "छान."

अकरा नंबर माझा होता. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उंट म्हणाल्या नाहीत. मी मनगट धरलं. तेवढ्यात शेजारचं सलाईन संपत आलेलं दिसलं, मी तिकडे बघत राहिले. परत कागदाकडे बघितलं तर बहात्तर लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं. मोजलं नव्हतं! म्हटलं, सलाईन बदलून येऊ आणि मोजू. मग कोणीतरी उलटी केली. मग राहूनच गेलं.

डॉक्टर फेरीला आले. कागद बघून म्हणाले, "नाडी चांगली आहे. सकाळी बघू." आणि गेले.

आजी पहाटे गेल्या. पोटात रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपासूनच नाडी धावत असणार. कोणी मोजली?"

१९ जुलै

चिमणीला ऑफिसात बोलावलं. सही तिची.

परत आली ती पांढरीफटक. खाटेवर बसून म्हणाली, "मला आठवतच नाही गं, अकरा नंबरला मी हात लावला होता की नाही. मीसुद्धा दोन-तीन ठिकाणी बहात्तर लिहिलं असेल. आपोआप येतं ते. मी मारलं का गं त्यांना?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मूग गिळून बसणं कशाला म्हणतात ते आज कळलं.

दुपारी आजींची लेक सामान न्यायला आली. "ताई, शेवटी काही म्हणाली का ती? तुमच्याशीच बोलायची." मी म्हटलं, शांत झोपल्या होत्या. वर खोटंही बोलले.

२२ जुलै

चिमणीचं नाव खोडलं. तिचे बाबा न्यायला आले. साधा माणूस. मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत, ट्रंक डोक्यावर घेतली. जाताना मला म्हणाले, "तू तरी नीट शिक हो, बाळा."

चिमणी म्हणाली, "बादली राहू दे तुला. तुझी गळते."

२३ जुलै

जेवण जात नाही.

२७ जुलै

गाढवासारखी राबतेय. प्रत्येक नाडी मिनिटभर मोजते, मोठ्याने. बायका म्हणतात, पोरगी मंत्र म्हणते! मोठ्या सिस्टर दोनदा "हं" म्हणाल्या.

बाबांचा फोन आला. आपण होऊन! गल्लीत सांगितलंय म्हणे — "आमची पोरगी विद्यापीठात आहे, खऱ्या हॉस्पिटलात." आवाजात काय थाट होता! मी फोन ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

३० जुलै

ठरलं. उद्या सांगणार. बहात्तर माझं होतं. नाव जाऊ दे, बाबांची मान खाली जाऊ दे. चिमणीला परत घेतील. घेतलंच पाहिजे. असं खोलीत नाही जगता येत. समोरची खाट बघवत नाही.

३१ जुलै

सांगितलं.

मोठ्या सिस्टरांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "अक्षर मी त्याच दिवशी ओळखलं होतं. सही तिची, आकडा तुझा. दोघींना घालवून वॉर्ड कोणी चालवायचा? त्या दिवशी ती रडत होती आणि तू काम करत होतीस. तुझं नाव सकाळीच कायम करून टाकलं. हा विषय परत काढू नकोस. जा."

जिन्यात येऊन बसले. लाज वाटेल म्हणून वाट बघत होते. मला हायसं वाटलं.