हिरव्या उजेडातला पाळणा

जयपूर,
२० नोव्हेंबर २००७

चि. ध्रुव,

तुला, सोनमला आणि अजून बिननावाच्या बाळराजांना ताईचे खूप खूप आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. थंडी पडू लागलीय, दुपारी क्वार्टरच्या गच्चीवर गाजरं किसत बसते. तू बारसं पुन्हा पुढे ढकललंस, आत्या आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणालास, त्याबद्दल आधी तुझे आभार. सोनमच्या आईने नाक मुरडलं असेल, तरी तू बधला नाहीस. आणि मी? तुझा फोनसुद्धा घेत नाही. तुझे दाजी दर वेळी सांगतात, ती देवळात गेलीय. एवढी देवळात गेले असते तर एव्हाना पुजारीण झाले असते!

असो. आधी तुझ्या भाचीची गंमत ऐक. सलोनीने कॉलेजच्या स्पर्धेसाठी छोटासा भुताचा सिनेमा केला. सुरुवातीचा प्रसंग आमच्याच स्वयंपाकघरात. पोरीने आधी तिथलं लाल रंगाचं सगळं हद्दपार केलं. सिलेंडरवर चादर, कुंकवाचा करंडा कपाटात, टोमॅटो शेजारच्या कलावतीबाईंकडे. बल्बला इथल्या सोडाला भागातल्या बाजारातून आणलेला हिरवा जिलेटिनचा कागद. माझी रोजची भिंत बुरसटल्यासारखी दिसायला लागली. मग एकच लाल वस्तू ठेवली, रिकाम्या पाळण्यावर टाकलेलं झबलं. तुझ्या बाळासाठी मी शिवलंय तेच. अशुभ वगैरे मनात आणू नकोस, स्वच्छ धुऊन घडी करून ठेवलंय.

नंतर पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. "मम्मी, पहिले एकदम सन्नाटा पाहिजे. मतलब, लोकांना स्वतःचा श्वास ऐकू आला पाहिजे." मग स्टीलच्या वाटीत नळाचे थेंब. आणि त्यावर कुणीतरी पाळणा गुणगुणतंय. मैत्रिणींनी गाऊन पाहिलं, पण सगळ्या गोड गळ्याच्या. भीती कसली, झोप यायची.

शेवटी माझ्याकडे आली. "मम्मी, तू गा ना. तुझाच आवाज पाहिजे."

ध्रुव, माझा आवाज गेलाय रे. उन्हाळ्यात गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, काळजीचं काही नाही, पण आवाजाची नस दुखावली. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता घशातून निघतो तो नुसता खरखरीत वारा. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येक बारशाला पाळणा म्हणणारी मी, भाजीवाल्या भैयाशीही बोटांनी बोलते. तुला कळवलं असतं तर बाळ-बाळंतिणीला सोडून धावत आला असतास. आणि खरं सांगू, लाज वाटली. आपल्या आईचा पाळणा तुला माझ्याच तोंडून ऐकायचा होता ना.

सलोनीवर मी भडकले, रडलेसुद्धा. आईच्या दुखण्याचं भूत करतेस? ती म्हणाली, "भूत नाही, मम्मी. हा आवाज ऐकला की कोणी दुसरीकडे बघूच शकत नाही." मग गायले. आपल्या आईचाच पाळणा.

काल कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. हिरवा अंधार, थेंब, लाल झबलं आणि माझा आवाज. पुढच्या रांगेतली मुलगी किंचाळली. शेजारचे गृहस्थ खुर्ची घट्ट धरून बसले. मी मात्र पदर तोंडाशी धरून हसत होते. नंतर सलोनीने मला स्टेजवर ओढलं. माइकवर "नमस्कार" म्हटलं, तर सगळे दचकले आणि मग उभं राहून टाळ्या! ऑपरेशननंतर परक्यांसमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. या पोरीचे उपकार मी कसे फेडू?

म्हणून येतेय. तारीख काढ. पाळणा सोनमच्या आईंना म्हणू दे, त्यांचाही रुसवा जाईल. माझं काम बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि ते सगळ्याच आत्या कुजबुजून सांगतात.

रविवारी फोन कर. मी स्वतः उचलेन. पलीकडून नुसता वारा आल्यासारखं वाटलं तरी ठेवून देऊ नकोस. ती मीच,

तुझी
ताई