बिनवासाची खोली

४ ऑगस्ट, सोमवार
पुन्हा रेघ वाकडी! विषारी वायू गळला तर ओळखणाऱ्या चिप आमच्या कारखान्यात बनतात. त्या तपासायचं काम माझं. सकाळची चिपची पहिली पेटी यंत्रात लावली, काचेचं झाकण बंद केलं. नळीतून वायू सोडलाही नव्हता, तरी पडद्यावरची रेघ उडाली. तपासणी विभागाचे तेओसाहेब आले. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. चिपवर कार्बनच्या नळ्या असतात म्हणे, केसाहून कितीतरी बारीक. त्यांना कसलाही वास चालत नाही. पेटी लावताना आत गेलेला श्वाससुद्धा नाही. म्हणून आत मास्क लावायचा, बोलायचं नाही. दिवसभर मी आणि पडदा.
या आठवड्यात सुधारलं नाही तर कामाचा परवाना वाढणार नाही. मलेशिया, हे पेनांग, सगळं संपलं. परत घरी, इंडोनेशियात, फ्लोरेस बेटावर.

५ ऑगस्ट
वाकडीच.

६ ऑगस्ट
साहेबांनी विचारलं, अत्तर लावतोस? सिगारेट? छातीवर हात ठेवून नाही म्हणालो. खरंच नाही! साबण बदलला. दोनदा अंघोळ केली. हे सांगू कोणाला? माझ्या खाटेवर दिवसा एक नेपाळी झोपतो. मी येतो तोवर तो रातपाळीला गेलेला. गादी गरम असते, माणूस दिसत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सापडलं. आमच्या पाळीच्या मुकादम रोहायाताईंनी दारातच अडवलं. मानेजवळ येऊन चक्क हुंगलं.
"काय रे ब्लासियुस, बाळंतिणीच्या खोलीसारखा घमघमतोयस!"
"तेल आहे, ताई. कायुपुतीचं."
"आणि साहेबांना नाही म्हणालास?"
"त्यांनी अत्तर विचारलं. हे औषध आहे."
ताई हसून हसून खालीच बसल्या. आमच्याकडे जन्मल्यापासून अंघोळ झाली की पोटाला हे तेल चोळतात. ते नसलं तर उघडं उघडं वाटतं. त्यात या आठवड्यात पोटात गोळा यायचा, म्हणून मी दुप्पट चोळत होतो!
पण खरं लिहू? त्या हुंगायला वाकल्या तेव्हा मी हललो नाही. इथं आल्यापासून इतकं जवळ कोणी आलंच नव्हतं.

११ ऑगस्ट
तेल नाही. रेघ सरळ. झोप नाही. आईनं फोनवर विचारलं, तेल लावतोस ना? हो म्हणालो.

१३ ऑगस्ट
सगळ्या पेट्या पास. साहेबांनी पाठ थोपटली. परवान्याचं बघतो म्हणाले. आता तरी नाव पाठ होईल त्यांना.

१८ ऑगस्ट, सोमवार
काल सुट्टीच्या दिवशी साहेबांनी खोलीत कोणाला न ठेवता यंत्राच्या हातानं पेट्या लावून बघितल्या. इतकी सरळ रेघ आजवर आली नव्हती. "आत माणूसच नको," म्हणाले — खुशीत होते, कोणाशी बोलतोय ते विसरले असावेत. शनिवारी मला परत पाठवतायत.
ते गेल्यावर मी झाकण उघडलं, मास्क काढला आणि गायलो. मोठ्यानं, घरच्या बोलीत. रेघ चढत चढत पडद्याबाहेर गेली.