आठव्या महिन्यातली एक भाकरी

सासूबाई, तुम्ही होतात तोवर तुम्हाला आईच म्हणत आले. आज तो शब्द हातून लिहवत नाही. तुम्हाला जाऊन विसाच्या वर वर्षं झाली. मी हल्ली नॉटिंगहॅमला मुलाकडे असते, सूनबाईला आठवा लागलाय. पूजा आटोपली, दोघं कामावर गेली, आणि हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. संताप आवरत नाही म्हणून लिहितेय.

मला आठवा लागला त्या दिवसापासून तुम्ही माझ्या ताटात एकच भाकरी वाढायला लागलात. पातळ आमटी, भाकरी, बस. मी ताट पुढे केलं की म्हणायचात, "पोर मोठं झालं की अडतं गं. लहान राहू दे, सुटशील." तुमची थोरली लेक बाळंतपणात अडून गेली होती, ते मला ठाऊक होतं. पण सासूबाई, भीती तुमची आणि उपास माझा, हा कुठला न्याय? शेणगोठा, विहिरीवरच्या खेपा, त्यातलं तर काही कमी झालं नाही. मॅट्रिकला गृहशास्त्राच्या पेपरात गरोदर बाईचा आहार लिहून मी मार्क मिळवले होते. एकदाच म्हटलं, "आई, पुस्तकात तर जास्त खावं असं आहे." तुम्ही जाऊबाईंकडे बघितलंत. "पुस्तक बाळंत होतं का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा आज सगळ्यात जास्त राग येतो.

मुलगा झाला तो मुठीएवढा. तुम्ही आळीभर सांगत सुटलात, "एका भाकरीवर राहिली म्हणून अलगद सुटली." पहिला चीक पिळून टाकायला लावलात, बाळाला तीन दिवस गुळाचं पाणी. पुढे दोन वर्षं त्याला हगवण लागायची, थांबायची, परत लागायची. पाणी त्याच विहिरीचं, न उकळलेलं, कारण सरपण जळतं. सरपण वाचवण्यात मीही तुमच्याइतकीच तरबेज होते, हेही लिहायला हवं. शाळेत तो कायम रांगेत पुढे उभा असायचा. घराण्याची अंगकाठीच तशी, म्हणायचात. मामंजी तर दारातून वाकून आत यायचे! आज चाळिशीला टेकलेला माझा मुलगा इथल्या दुकानात पोरांच्या विभागातून पँट घेतो. "आई, मुलांच्या कपड्यांवर टॅक्स नाही," म्हणून हसतो. मी काटकसरी बाई, इतकी वर्षं मलाही त्यात आनंद वाटायचा.

आता ऐका. महिनाभर सूनबाई अर्धी पोळी ताटात टाकून उठते. मला वाटलं, जळजळत असेल. परवा मिडवाइफनं तिच्या पोटावर टेप लावली. बाळ हवं तेवढं वाढलेलं नाही, स्कॅन करू, म्हणाली. नीट खातेस ना, असं विचारलं, तर सूनबाई माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही पण कमीच खाल्लं होतं ना? त्याची आजी सांगायची म्हणे, म्हणून डिलिव्हरी इतकी इझी झाली. मला सिझेरियनची खूप भीती वाटते हो."

मिडवाइफ घानाची, पन्नाशीची. सूनबाईनं इंग्रजीत सांगितलेलं सगळं ऐकून ती हसली नाही. आमच्याकडच्या आज्याही हेच सांगतात, म्हणाली. मग सावकाश समजावलं, सूनबाई मला मराठीत सांगत गेली. पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत उपासमार, घाण पाणी, सारखी हगवण, ह्यानं जी वाढ खुंटते ती मागून तूप चारून फारशी भरून येत नाही. तुझ्या बाळाचं कारण काय ते स्कॅननंतर बघू, पण भीतीपोटी उपाशी राहू नकोस.

घरी येऊन मी तिला ओट्यापाशी बसवलं. म्हटलं, "मी अलगद सुटले नव्हते. दोन दिवस कळा देत होते. नंतर महिनाभर मला धड उभं राहता येत नव्हतं. त्या बाहेर सांगायच्या ते खोटं."

तिनं विचारलं, "मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

मी तव्यावरची पोळी तिच्या ताटात टाकली. तिनं तीन खाल्ल्या. स्कॅन गुरुवारी आहे.

मुलगा वाढेना तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिच्याच पदरी काहीतरी पाप असेल." मी ते खरं मानलं, कारण पाप मला माहीत होतं. आठव्यातच घरी सत्यनारायण होता. शिऱ्यापाशी मला राखणीला बसवलंत. नैवेद्य दाखवायच्या आधी मी त्यातला वाटीभर खाल्ला आणि वरून सारखा केला. भटजींनी देवाला तोच दाखवला. त्यासाठी आजवर दर पौर्णिमेला निर्जळी करत आले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. काल देवापुढे त्याची क्षमा मागायला बसले, तर मागवेना. शिरा गरम होता, केळं घातलेला. आणि पोर त्या दिवशी पोटात कितीतरी वेळ नाचत होतं.