पाटीवरचा ओ

प्रिय अध्यक्षसाहेब,

शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून तुला निदान दहा नावांनी हाक मारली असेल. कागदावर मात्र पहिल्यांदाच लिहितोय, म्हणून सुरुवात जरा मान देऊन केली. पुढे देईनच असं नाही. आज सोमवार. हे पत्र बुधवारी संध्याकाळच्या आत वाच, कारण गुरुवारी सकाळी दहाला तुझ्या दुकानापुढे शिडी लागणार आहे आणि त्याआधी मला तुझ्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. काय ते शेवटी सांगतो. तुला काहीही शेवटाकडून वाचायची खोड आहे. आज तेवढी आवर, कारण यातली गंमत मी नऊ वर्षं सांभाळली आहे आणि ती तू क्रमानेच चाखावीस अशी माझी फार इच्छा आहे.

दहा वर्षांपूर्वीची पक्षीमंडळाची ती सभा तुला आठवत नसेल. ज्याने चिमटा काढला त्याला कशाला आठवेल? मी सकाळी कामावर जाताना जुन्या धान्यगोदामाच्या वरच्या खिडकीत एक गव्हाणी घुबड पाहिलं होतं. आपल्या भागात ते बऱ्याच वर्षांत कुणालाच दिसलं नव्हतं. दहा मिनिटं रस्त्यात उभं राहून मी त्याचं चित्र काढलं. तुला माझी पद्धत माहीत आहे; आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कापून उरलेले कागद, एक पेन्सिल, आणि जे दिसेल तेवढंच काढायचं. घुबड पाठमोरं झोपलं होतं. डोळे दिसले नाहीत, म्हणून काढले नाहीत. पाय दिसले नाहीत, म्हणून काढले नाहीत. आमची हीच म्हणाली, सभेत दाखवा, एवढं छान जमलंय. ठेवणीतले कपडे घालून आम्ही दोघं आलो, आणि तू ते चित्र सगळ्यांपुढे उंच धरून म्हणालास, “मंडळी, नीट बघून सांगा, हा पक्षी आहे की उशी?”

सगळे हसले. हीसुद्धा हसली. घरी येईपर्यंत बिचारी ओशाळली होती. तिला मी दुसऱ्या दिवशी चहाच्या आत माफ केलं, कारण तिला हसू आवरलं नव्हतं एवढंच. तू ते हसू मागवलं होतंस. वर मंडळाच्या पक्ष्यांच्या यादीच्या वहीत माझ्या हाताने लिहिलेली एकशे चौदावी ओळ तू लाल पेनाने खोडलीस आणि शेजारी लिहिलंस, ‘फोटो नाही, नोंद नाही.’ त्या दिवसापासून मंडळात मी उशी झालो. आता तर नवीन आलेली माणसंही मला ‘उशीकाका’ म्हणतात, आणि बिचाऱ्यांना वाटतं, हे माझं घरचंच नाव असावं.

मी भांडलो नाही. तू ते मोठ्या मनाचं लक्षण समजलास. अरे, मन कसलं मोठं, मी मूग गिळून संधीची वाट बघत होतो. ती तूच आणून दिलीस. पुढच्या वर्षीच्या वादळात तुझ्या ‘फोटो स्टुडिओ’च्या पाटीवरचा शेवटचा ‘ओ’ गळून पडला, आठवतं? जाताना मागचा पत्राही घेऊन गेला आणि पाटीच्या पेटीला ताटलीएवढं भोक पडलं. मी तुला म्हटलंही, अक्षर लावून घे, ‘फोटो स्टुडि’ बरं दिसत नाही. तू म्हणालास, “लोक समजून घेतात रे, आपलं काम बोलतं.” त्याच महिन्यात गोदाम पाडलं. आणि पंधरा दिवसांनी मी समोरच्या बसथांब्यावरच्या बाकावर बसून तारेवरचे वेडे राघू काढत होतो, दिवे लागायची वेळ होती, तेव्हा तुझ्या पाटीवर ओच्या जागी एक पांढरा चेहरा आला. बदामाच्या आकाराचा, मधोमध दुमडल्यासारखा. त्याने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग सरळ माझ्याकडे. तुझ्या पाटीला हाक मारली असती तर ओ द्यायला आता खरोखर कुणीतरी होतं.

मी ताडकन उठलो होतो, बरं का. रस्ता ओलांडून तुझ्या दारापर्यंतही आलो. तू काउंटरवरून ओरडलास, “काय उशी, आज किती पिसं भरलीस?” दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मी म्हटलं, काही नाही, सहज आलो होतो. आणि परत जाऊन बाकावर बसलो. नऊ वर्षं झाली, तिथेच बसतोय.

आता तुझं सांगतो, कारण तू स्वतःला कधी समोरून पाहिलं नाहीस. त्या नऊ वर्षांत तू हातभर लांब भिंग घेऊन दर हिवाळ्यात डोंगराकडे गेलास. आपल्या भागात मिळायला हवा असा हा एकच पक्षी तुझ्या कॅमेऱ्यात नव्हता आणि ते तुला रात्रंदिवस खुपत होतं. चौथ्या वर्षी तू चिखलात घसरून गुडघा सुजवून आलास; मी शेकायची पिशवी घेऊन भेटायला आलो होतो. तू पलंगावर पडून मला घुबडाच्या सवयी समजावून सांगत होतास, मी मान डोलावत होतो. तुझ्या दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी केसांचे आणि हाडकांचे राखाडी गोळे पडायचे. ते घुबडाने ओकलेले उंदीर होते. तू शेजारच्या न्हाव्याशी कडाकडा भांडलास, की कापलेले केस माझ्या दारात लोटतोस म्हणून. तो बिचारा शपथा घेत होता. पाटीतून पिल्लांचा फुसफुस आवाज यायला लागला तेव्हा तू दोनदा वायरमनला बोलावलंस. त्याने खालूनच पेटीवर दोन थपडा मारल्या, “वायरिंग जुनं झालंय साहेब,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी बाकावर श्वास रोखून बसलो होतो. आणि दुकानातले उंदीर गेले ते तुझ्या नव्या पिंजऱ्याला घाबरून, असं तू अख्ख्या गल्लीला सांगितलंस. पिंजऱ्यात एकही उंदीर कधी सापडला नाही, यातच म्हणे त्याची जरब दिसते.

दोन वर्षांपूर्वी तर तू कळस केलास. पडद्यावर चित्रं दाखवून तासभर बोललास, आणि शेवटी खिन्न आवाजात जाहीर केलंस की गव्हाणी घुबड आपल्या भागातून कायमचं गेलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. खरं सांगतो, इतकं गोड काही मी आयुष्यात खाल्लं नाही.

ही माझ्यावर रागवायची. बऱ्याच संध्याकाळी तीही बाकावर येऊन बसते, तिने नऊही वर्षं सगळं पाहिलंय. “चित्रं दिवसेंदिवस सुधारतायत तुमची,” म्हणते, “मन मात्र तसंच गिचमिड राहिलंय.” चित्रं सुधारली हे खरं आहे. आधी मला नर-मादी एकच वाटायचे. रोज काढता काढता तिसऱ्या वर्षी हाताला कळलं, की एकाच्या छातीवर ठिपके टाकावे लागतात आणि दुसऱ्याची छाती तशीच कोरी सोडावी लागते. ठिपकेवाली मादी. आधी पेन्सिलीला कळलं, मग मला. भक्ष्य घेऊन येताना नर पाटीवर उतरत नाही, आधी विजेच्या खांबावर बसून रस्ता रिकामा व्हायची वाट बघतो. तू शटर ओढायला बाहेर आलास, की तो तुझ्या टकलाकडे टक लावून बघत असतो. तसंही एक चित्र आहे. वर्षाची एक, अशा नऊ वह्या मी स्वतः बांधल्या आहेत, कापडी पाठीच्या. पाठीवर फक्त ‘ओ’ एवढंच लिहिलंय. आणि नीट ऐक: प्रत्येक चित्रात मी पाटी काढली आहे, तुझ्या नावासकट, अक्षर न अक्षर. घुबड कुठे राहतं याबद्दल कुणाला शंका राहायला नको.

एक गोष्ट मात्र हिलाही धड सांगितली नव्हती. सहाव्या वर्षी भर दुपारी एक पिल्लू भोकातून खाली पडलं. मी कारखान्यात होतो. संध्याकाळी आलो तेव्हा पायरीवर थोडी पिसं होती आणि तू झाडणाऱ्या बाईंना सांगत होतास, “मांजराने कुणाचं तरी कबुतर धरलं वाटतं.” तुला माहीत असतं तर तू भोकाखाली फळी ठोकली असतीस, मांजराला हाकललं असतंस, कदाचित दिवसभर खुर्ची टाकून राखण केली असतीस. तू चेष्टेखोर आहेस, दुष्ट नाहीस. ते पिल्लू माझ्या मनातल्या अढीने मेलं. त्या वर्षीच्या वहीत एक पान कोरं आहे ते त्यामुळे.

काल संध्याकाळी तू आपणहून माझ्या बाकावर येऊन बसलास. मुलगा दुकान हाती घेतोय, गुरुवारी जुनी पाटी उतरवून भंगारात देणार, नवी दिव्यांची येणार, असं किती खुशीत सांगत होतास. तुझ्या डोक्यावरून मादी पाटीत शिरली, पायात उंदीर होता. आत तीन पिल्लं आहेत, चार आठवड्यांची. उडायला अजून पाच आठवडे हवेत. नऊ वर्षांची सवय जिभेवर बसली होती. म्हणून लिहितोय. शिडी पाच आठवडे पुढे ढकल. फोटो एकही काढायचा नाही, तुझ्या त्या दिव्याच्या लखलखाटाने पिल्लं बिथरून खाली पडतील. बघायचं असेल तर बुधवारी संध्याकाळी सहाला बाकावर ये. कागद आणि टोक केलेली पेन्सिल माझ्याकडे आहे. तू चित्र काढायचंस, जेवढं दिसेल तेवढंच. मग पुढच्या सभेत ते तू स्वतः उंच धरायचंस. मी पहिल्या रांगेत बसेन आणि सगळ्यांदेखत विचारेन, हा पक्षी आहे की उशी? हसणारे हसू देत, तू हसायचं नाहीस. त्यानंतर वही उघडून तुझ्या हाताने एकशे चौदावी ओळ पुन्हा लिहायचीस, माझ्या जुन्या तारखेनिशी. आणि गुरुवारी शिडी आलीच, तर तिच्या पायाशी मी उभा असेन, आणि नऊ वह्या मंडळाच्या टेबलावर असतील, सगळ्यांना चाळायला. ठरव काय ते. मी हाक मारली आहे, आता ओ दे.

तुझाच,
उशी