आठ व्हॉल्व्हची वाटणी

थोरल्या साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा नमस्कार. तुमचा गुडघा, ताईंचा रक्तदाब आणि आपला आठ महिन्यांचा अबोला, तिन्ही आहे तसेच असतील असं धरून चालतो. (गुडघा बरा असेल तर आनंदच आहे.)

माझं म्हणाल तर चार दिवस एका जागी बूड टेकलेलं नाही. सासूबाईंना सासऱ्यांचा आवाज ऐकायचाय. टेप तीच, नवा ॲम्प्लिफायर तपासताना ते "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का गं?" असं विचारतात ती. मी ती मुलीच्या छोट्या स्पीकरवर लावून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "हा कोणीतरी नाकात बोलणारा माणूस आहे, हे नव्हेत." म्हणजे त्यांचाच ॲम्प्लिफायर लावणं आलं. तो आहे माझ्याकडे, पण त्याचे आठ व्हॉल्व्ह, ते बल्बसारखे काचेचे, सासरे गेल्यावर आपण चार-चार वाटून घेतलेले. (तुम्हालाही तुमच्या ॲम्प्लिफायरसाठी हवे होते, मान्य.) मी चार नवे आणून जुन्या चारांशेजारी बसवले. दोन मिनिटांत एका नव्याचं पोट लालबुंद, जळका वास, फ्यूज उडाला आणि मी दचकून मागे सरलो तो दिव्याच्या स्टँडसकट सोफ्यावर. (बायको आधी स्टँड उचलायला धावली.)

दुरुस्तीवाले काका म्हणाले, हे सगळे मिळून एकच ओझं उचलतात, तेव्हा ताकद सारखी लागते. नाहीतर सगळं एकाच्याच डोक्यावर येतं आणि बाकीचे मजा बघतात. (आपण कपाट जिन्यावरून उतरवलं तेव्हा खालची बाजू माझ्याकडे होती. असो.) मग त्यांनी माझ्या जुन्या व्हॉल्व्हच्या बुडाशी असलेल्या नेलपॉलिशच्या ठिपक्यांचा अर्थ सांगितला. लाल, हिरवा, निळा, पिवळा. सासऱ्यांनी मोजूनमापून चार जोड्या लावल्या होत्या, आणि आपण प्रत्येक रंगाचा एक तुम्हाला, एक मला असं करून चारही फोडल्या! वर अगदी न्यायाने वाटलं म्हणून खूश. तरी भांडलोच, माझ्या वाट्याचा एक मळका होता म्हणून.

तुमच्याकडे काही मागायचं नाही. सहज खुशाली कळवली.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. मागायचंय. तुमचे चारही व्हॉल्व्ह हवेत.

आणखी ता. क. घाई अशासाठी, की सासूबाईंचा डावा कान गेलाय आणि डॉक्टर म्हणतात उजवाही फार दिवस साथ देणार नाही. मला भीती वाटते, साडूभाऊ.

शेवटचा ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, दाराखालून आलंय. बाहेर जिन्यात आम्ही बसलोय. सासूबाई, मी आणि माझ्या मांडीवर अठ्ठावीस किलोंचा ॲम्प्लिफायर. "आधी माफी लिही, मगच बेल वाजव," असा त्यांचा हुकूम आहे. वाटणीची ती अक्कल माझी होती. भांडण मी काढलं. चुकलो, माफ करा.

बेल वाजवतोय.